निसर्गचित्र ते निसर्गव्यवहार : मराठी अरण्यलेखनाचा एक विचार

१

मराठी साहित्यात निसर्ग कमी आहे, अशी तक्रार कोणी करणार नाही. संतांच्या अभंगांत झाडेवेली सोयऱ्यांच्या नात्याने येतात, पंडितकवींच्या आख्यानांत उपवनांची वर्णने ठरलेल्या जागी येतात, आणि केशवसुतांनंतरच्या कवितेत तर निसर्ग कविमनाचा आरसाच होऊन बसतो. तरीही या विपुल सामग्रीकडे पाहताना एक प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. या साहित्यात निसर्ग दिसतो. पण तो चालतो कसा, हे त्यातून कळते काय? पहिल्या प्रकारच्या लेखनाला निसर्गचित्र म्हणावे आणि दुसऱ्या प्रकारच्या लेखनाला निसर्गव्यवहाराचे लेखन म्हणावे. ‘व्यवहार’ हा शब्द येथे देवाणघेवाण या अर्थी योजला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी गद्याने चित्राकडून व्यवहाराकडे जी वाटचाल केली, तिचा काही ग्रंथांच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा भेद नुसता साहित्यप्रकाराचा नाही. टॅन्स्ली या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली असे मांडले, की सजीव आणि त्यांच्या भोवतालचे माती, पाणी, हवा, ऊन यांना वेगळे काढून चालणार नाही. त्या सर्वांचे मिळून एकच एकक मानले पाहिजे. या एककाला मराठीत ‘परिसंस्था’ ही संज्ञा रूढ झाली आहे. १९४२ साली लिंडेमन या अमेरिकी अभ्यासकाने एका लहानशा सरोवराच्या अभ्यासातून दाखवून दिले, की वनस्पतींनी साठवलेली सूर्याची ऊर्जा एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना तिचा फार मोठा भाग खर्ची पडतो. म्हणूनच गवताच्या मानाने हरणे थोडी आणि हरणांच्या मानाने वाघ अगदीच थोडे असतात. ऊर्जा अशी वाहून जाते. द्रव्य मात्र फिरत राहते. गळलेले पान वाळवी, गांडूळ, बुरशी यांच्या हाती पडते आणि त्याची माती होऊन ते पुन्हा मुळांकडे परतते. अरण्य म्हणजे झाडांची गर्दी नव्हे, तर हे वाहणे आणि हे फिरणे, एवढे ध्यानात घेतले की संवर्धनाचा अर्थही बदलतो. एखादा सुंदर पक्षी वाचवायचा म्हणजे तो ज्या देवाणघेवाणीवर जगतो ती वाचवायची.

चित्र आणि व्यवहार यांतील अंतर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवर मराठी समीक्षेने जितके चिंतन केले, तितके फार थोड्या कवितांवर केले असेल. त्या झाडात कोणाला विरक्ती दिसली, कोणाला मृत्यूची छाया दिसली. हे सारे अन्वयार्थ आपापल्या जागी ग्राह्य आहेत. परंतु या चर्चेत उंबर हे झाड म्हणून क्वचितच आले. उंबर ओढ्याकाठी वाढते, कारण त्याला ओल हवी असते. त्याचे फळ फोडले की आत किडे निघतात, हे खेड्यातील कोणत्याही मुलाला ठाऊक असते. पण उंबराच्या फळात दडलेल्या फुलांचे परागीभवन ज्यांवाचून होत नाही, त्या चिमुकल्या गांधीलमाश्यांचे कूळ त्या किड्यांतच असते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. वड, पिंपळ, उंबर यांच्या प्रत्येक जातीची माशी बहुधा वेगळी असते. झाड नाहीसे झाले तर माशी संपते आणि माशी संपली तर झाडाला बी धरत नाही. इतर फळे नसतात अशा दिवसांतही या कुळातली कोणती ना कोणती झाडे फळतात, आणि त्यांवर हारीत, धनेश, वटवाघळे, माकडे यांचा निर्वाह होतो. बालकवींनी हे सांगायला हवे होते, असे म्हणणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. प्रश्न कवीचा नाही. झाडाला केवळ प्रतीक म्हणून वाचण्याची जी सवय आपल्या वाचनाला जडली, तिचा आहे.

२

या सवयीला पहिला मोठा छेद दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांच्या ‘ऋतुचक्र’ या पुस्तकाने दिला. १९५६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्गाचे निरीक्षण मांडते. ललित गद्याचा उत्कृष्ट नमुना म्हणून त्याचा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्याचे खरे नावीन्य शैलीत नसून त्याच्या शिस्तीत आहे. दुर्गाबाई लोकसंस्कृतीच्या व मानवशास्त्राच्या अभ्यासक होत्या. कोणती वनस्पती केव्हा पालवते, केव्हा फुलते, केव्हा फळते, याची नोंद ठेवणे हे त्यांना भावविवश होण्याइतकेच महत्त्वाचे वाटले. ज्याला शास्त्र ऋतुजीवनाचा अभ्यास म्हणते, त्याचे बीज या पुस्तकात आहे.

या पुस्तकातील पालवीचेच उदाहरण घ्यावे. पाऊस दोन-अडीच महिने दूर असताना, उन्हाचा कडाका वाढत असताना झाडे कोवळी पाने का काढतात? जमिनीखाली खोल गेलेली मुळे साठलेली ओल वर आणतात आणि पावसाळा सुरू होतो तेव्हा पाने अन्न तयार करण्यास सज्ज असतात. कोवळ्या पानांवर अळ्या येतात आणि त्या अळ्यांवर अनेक पक्ष्यांची पिल्ले पोसली जातात. म्हणजे जिला आपण चैत्राची शोभा म्हणतो, ती वस्तुतः एका मोठ्या भोजनव्यवस्थेची पहिली पंगत असते. दुर्गाबाईंचे लेखन या व्यवस्थेच्या उंबरठ्यापर्यंत वाचकाला नेते. महिना हे त्यांचे एकक असल्यामुळे झाड, कीटक, पक्षी आणि मनुष्याचे सणवार एकाच काळाच्या चौकटीत येतात, आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध असला पाहिजे, अशी जाणीव वाचकाच्या मनात आपोआप तयार होते.

मात्र या दृष्टीची मर्यादाही याच पुस्तकात दिसते. चैत्राच्या वर्णनात दुर्गाबाई घाणेरीच्या फुलांच्या रंगसंगतीत रमल्या आहेत. उपेक्षित, नावानेच बदनाम झालेल्या झुडपाला त्यांनी प्रतिष्ठा दिली, हा त्यांच्या रसिकतेचा उदारपणा होय. पण घाणेरी ही मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील वनस्पती. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती भारतात आणली गेली आणि बागेच्या कुंपणातून निसटून रानात शिरली. तिची फळे बुलबुलासारखे पक्षी खातात व बी दूरवर टाकतात. तिची पाने विषारी असल्याने गुरे व हरणे तिला सहसा तोंड लावत नाहीत. ती माजते तेथे तिच्या दाट जाळीखाली गवत आणि देशी झाडांची रोपे उगवेनाशी होतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या अधिवासापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरली आहे.

या माहितीमुळे दुर्गाबाईंचे गद्य उणे ठरत नाही. १९५६ साली हा धोका ललित लेखकांपुढे तर नव्हताच, आणि त्या फुलांचे रंग आजही तितकेच मोहक आहेत. पण यातून समीक्षेला एक धडा मिळतो. सौंदर्य हे निसर्गाच्या आरोग्याचे खात्रीचे लक्षण नव्हे. फुललेले रान हे आजारी रान असू शकते. डोळ्याला जे सुखावते ते टिकवावे, एवढ्याच पायावर संवर्धनाची इमारत उभारली तर घाणेरी वाचेल आणि तिच्याखाली दबलेले निनावी गवत मरेल. म्हणून सौंदर्यदृष्टीला संबंधदृष्टीची जोड हवी.

३

ही जोड व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांच्या लेखनात सर्वाधिक स्पष्टपणे आढळते. माडगूळकरांकडे ग्रामीण कथाकार म्हणून पाहण्याचा प्रघात आहे आणि त्यांचे प्राणिविषयक लेखन हे त्यांच्या छंदाचे फळ मानले जाते. हे विभाजन बरोबर नाही. १९५५ साली आलेली ‘बनगरवाडी’ ही कादंबरी आज वाचताना माणसे, मेंढरे, गवत आणि पाऊस यांच्या एका नाजूक समतोलाची कथा म्हणूनही वाचता येते. माणदेश हा पर्जन्यछायेतील मुलूख. तेथे जंगल होत नाही, माळ होतो. माळावरचे गवत मेंढरे खातात आणि मेंढरांवर धनगर जगतात. पाऊस हुकला की ही साखळी पहिल्याच कडीपाशी तुटते आणि वाडी रिकामी होते. कादंबरीचा शेवट करुण आहे खरा. पण ते कारुण्य कोणा खलनायकाने आणलेले नाही, ते त्या भूमीच्या गणितातून आले आहे.

या दृष्टीने ‘बनगरवाडी’ला आज एक वेगळेच महत्त्व आहे. आपल्या शासकीय नोंदींत माळ हा पुष्कळदा ‘पडीक’ या सदरात जमा होतो, आणि पडीक म्हणून त्यावर झाडे लावण्याचे पुण्यकर्म केले जाते. वस्तुतः माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. माळढोक, तणमोर, लांडगा, काळवीट यांना उघडे गवत हवे असते. झाडी वाढली की त्यांचा आसरा जातो. माळाला त्याच्या स्वतःच्या अटींवर पाहणारी दृष्टी माडगूळकरांनी मराठीला दिली.

‘सत्तांतर’ ही त्यांची छोटेखानी कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ सालच्या साहित्य अकादेमी पुरस्काराने ती गौरवली गेली. वानरांच्या टोळीतील नराचे वर्चस्व, बाहेरच्या नरांचा हल्ला, जुन्या नराची हकालपट्टी आणि पिल्लांची हत्या असा तिचा विषय आहे. शीर्षकामुळे आणि देशाच्या राजकारणात नुकत्याच होऊन गेलेल्या उलथापालथींमुळे तिच्याकडे राजकीय रूपक म्हणून पाहण्याचा मोह अनेकांना झाला. तो मोह समजण्यासारखा आहे. पण त्याने या कादंबरीची खरी ताकद झाकली जाते. रूपकात प्राणी हा माणसाचा मुखवटा असतो. पंचतंत्रातले माकड माणसासारखा विचार करते. माडगूळकरांचा वानर वानरासारखा वागतो, आणि त्याच्या वागण्याचे कारण त्याच्याच जीवनात आहे.

हे कारण काय, याविषयी शास्त्रात मोठा वाद झालेला आहे. जपानी अभ्यासक सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी धारवाडनजीकच्या जंगलात वानरांच्या टोळ्यांचे निरीक्षण केले आणि नवा नर टोळीचा ताबा घेताना पिल्लांना मारतो, हे नोंदवले. काहींनी याला गर्दीमुळे आलेली विकृती मानले. सारा हर्डी या अमेरिकी विदुषीने अबूच्या वानरांवरील आपल्या १९७७ सालच्या ग्रंथात वेगळा अर्थ लावला : पिल्लू अंगावर पीत असेतो मादी पुन्हा माजावर येत नाही, नराची सत्ता तर फार काळ टिकणारी नसते, तेव्हा परक्याचे पिल्लू मारणारा नर आपली संतती लवकर निर्माण करतो. नेपाळातील रामनगर येथील वानरांच्या जनुकीय तपासणीतून १९९९ साली या अर्थाला बळकटी मिळाली. पिल्ले मारणारे नर त्या पिल्लांचे जनक नव्हते. कादंबरीकाराला वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही. माडगूळकरांनी घटना सांगितली, तिला शिक्षा ठोठावली नाही किंवा तिचे समर्थनही केले नाही. ‘सत्तांतर’चे गद्य इतके कोरडे का आहे, या प्रश्नाचे उत्तर या संयमात आहे.

या संयमाचे मोल संवर्धनाच्या विचारातही आहे. निसर्ग दयाळू आहे म्हणून तो राखावा, असे म्हणणाऱ्याला ‘सत्तांतर’ निरुत्तर करते. निसर्ग दयाळू नाही आणि क्रूरही नाही. वानर झाडावर बसून जेवढे खातो त्याहून पुष्कळ खाली सांडतो. त्या सांडलेल्या पाल्यावर आणि फळांवर चितळे जमतात. उंचावरून वानराला बिबट्या आधी दिसतो आणि त्याच्या खेकसण्याने चितळे सावध होतात. हा उपकार नव्हे आणि मैत्रीही नव्हे. दोन प्राण्यांच्या स्वार्थांची गाठ पडून झालेली ती व्यवस्था आहे. वानर गेला तर चितळाचे काय होईल, हा प्रश्न दयेचा नाही, हिशेबाचा आहे.

४

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन या दोघांहून वेगळ्या ठिकाणाहून आले. ते वनखात्यात अधिकारी होते. रानात जाऊन परतणाऱ्या लेखकाची दृष्टी निराळी आणि रानातच आयुष्य काढणाऱ्याची निराळी. ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’, ‘चकवा चांदण’ यांसारख्या ग्रंथांत ही दुसरी दृष्टी भेटते. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा अरण्यलेखन साहित्याच्या मुख्य प्रवाहात आले, असे म्हटले गेले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांनी या प्रवाहाला शब्द दिले. कावळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी रुजवले. गोंड, माडिया, ढीवर यांच्या बोलण्यातून पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे वेचली. हे काम केवळ कोशकाराचे नाही. ज्या वस्तूला नाव नाही ती हरवली तरी कोणाला कळत नाही. एखाद्या भाषेतून गवताच्या पंधरा जातींची पंधरा नावे जाऊन ‘गवत’ हा एकच शब्द उरला, की त्या पंधरांपैकी चौदा जाती नाहीशा झाल्या तरी त्या भाषेला गवत आहे तसेच दिसेल.

नवेगावबांधचा परिसर चितमपल्लींच्या लेखनाचे केंद्र आहे, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कारण ते सरोवर निसर्गनिर्मित नाही. पूर्व विदर्भातील कोहळी समाजाने बांध घालून जी तळी निर्माण केली, त्यांतले ते एक. डोंगरांच्या कुशीत पाणी अडवायचे, खाली धान पिकवायचे, तळ्यात मासे धरायचे, अशी ही व्यवस्था. तिच्या आश्रयाला स्थलांतरित बदके आली. धानशेतीच्या आणि तळ्यांच्या याच मुलखात महाराष्ट्रातील सारस प्रामुख्याने टिकून राहिला. सारस दलदलीच्या पाणथळीत वा धानाच्या बांध्यांत घरटे करतो, म्हणजे त्याचे भवितव्य शेतकऱ्याच्या वागण्यावर अवलंबून असते. मनुष्य हा परिसंस्थेबाहेरचा शत्रूच असतो, या समजाला याहून ठसठशीत प्रत्युत्तर मिळणे कठीण. माणसाच्या हाताने उभारलेली व्यवस्थाही, पिढ्यानपिढ्या नीट सांभाळली तर, रानाचाच भाग होऊन जाते.

चितमपल्लींच्या लेखनाविषयी एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. प्रत्यक्ष पाहिलेले, ग्रंथांत वाचलेले आणि वनवासींकडून ऐकलेले अशा तीन प्रकारच्या ज्ञानाची सरमिसळ त्यांच्या गद्यात होते. त्यामुळे त्या गद्याला एक गूढ मोहिनी येते; पण वाचकाला कोणत्या विधानावर किती भार टाकावा हे उमगत नाही. लोकसमजुती लिहून ठेवणे आवश्यकच आहे, कारण त्यांत पिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते. तथापि समजूत म्हणून सांगितलेली गोष्ट आणि तपासून सांगितलेली गोष्ट यांत रेषा आखली नाही, तर दोहोंचेही नुकसान होते. समजूत थट्टेचा विषय होते आणि निरीक्षणावरचा विश्वास उडतो. माडगूळकरांचा कोरडेपणा आणि चितमपल्लींची श्रद्धा यांच्यामधली वाट पुढील लेखकांना शोधावी लागेल.

५

या तीनही लेखकांच्या लेखनात एक गोष्ट अपुरी राहिली आहे. ती म्हणजे संवर्धनाची किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ साली सुरू झालेला व्याघ्रप्रकल्प यांमुळे अनेक रानांचे रक्षण झाले, यात संशय नाही. पण राखीव क्षेत्राची सीमा आखली जाते तेव्हा तिच्या आतही माणसे असतात. विस्थापितांची वेदना मराठीत ठसठशीतपणे आली ती विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ या कादंबरीत. १९९२ साली तिलाही अकादेमीचा पुरस्कार मिळाला. तिचा विषय मात्र धरणाचा आहे. अरण्यलेखन आणि विस्थापनाचे लेखन हे मराठीत दोन समांतर प्रवाह राहिले. एकात वाघ आहे, माणूस पाहुणा आहे. दुसऱ्यात माणूस आहे, रान पार्श्वभूमीला आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल राखणारा आणि जंगलावर जगणारा एकच असू शकतो, या शक्यतेची ती कायदेशीर कबुली होती. या अनुभवाचे सकस साहित्य मराठीत यायला हवे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने या साऱ्यातून काय घ्यावे? परिसंस्थेची कल्पना ही समीक्षेलाही उपयोगी पडणारी कल्पना आहे. एखाद्या कृतीतील निसर्ग तपासताना तेथील वर्णन किती सुंदर आहे, एवढेच विचारून थांबू नये. त्या कृतीतले झाड कशावर जगते, त्याच्यावर कोण जगते, ते गेले तर कोणाचे अडेल, हे विचारावे. ज्या कृतीला या प्रश्नांची उत्तरे देता येतात तिच्यात निसर्ग हे पात्र असते. जिला देता येत नाहीत तिच्यात तो पडदा असतो. पडद्यालाही रंगभूमीवर स्थान आहे. परंतु पडदा फाटला तर दुसरा रंगवता येतो. पात्र गेले तर नाटकच थांबते.

संतकवींनी झाडांना सोयरे म्हटले, त्या शब्दाचा आपण बहुधा भावनेने अर्थ लावला. पण सोयरीक म्हणजे नुसता जिव्हाळा नव्हे. आपल्या समाजात सोयरिकीला देणेघेणे असते, मानपान असतो, जबाबदारी असते, आणि ती मोडली तर दोन्ही घरांचे नुकसान होते. दुर्गाबाईंनी या सोयऱ्यांचे वेळापत्रक मांडले, माडगूळकरांनी त्यांचे घरातले वागणे दाखवले, चितमपल्लींनी त्यांना नावांनी हाक मारायला शिकवले. देण्याघेण्याचा हिशेब अजून लिहायचा आहे.